दंतवैद्याची बैलजोडी

प्लास्टरच्या मुंडक्याचे दात तपासायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारी बसायचा. लढाईचे दिवस होते. नगरला कापड बाजारात एका दुकानाच्या माडीवर आमच्या मास्तरांची चित्रशाळा होती. दोन खोल्या, अकरा विद्यार्थी आणि मास्तरांनी कधीकाळी मुंबईहून आणलेलं एका ग्रीक देवाचं पांढरंफेक मस्तक. नव्या विद्यार्थ्याने आधी तेच काढायचं, असा शिरस्ता. आम्ही सगळे कागद ताणून, कोळशाच्या कांड्या तासून शहाण्यासारखे बसलो. हा उठला, देवाच्या मानेवरून आणि जबड्यावरून सावकाश हात फिरवला, ओठांच्या फटीत अंगठा घालून पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याला दात न्हाईत. दोन दाती धरायचा का चार दाती?"

वर्गाला काही कळेना. मग त्यानेच सांगितलं, की जनावराचं वय दातांवरून ठरतं आणि वय कळल्याशिवाय मान किती भरलेली काढायची ते कळत नाही. मास्तर म्हणाले, "अरे बाबा, तो देव आहे." "आसू द्या की. देवाला बी काय तरी वय आसंलच." मास्तर हसले, आम्ही खिदळलो आणि त्या घटकेपासून तो आमचा दंतवैद्य झाला. खरं नाव हजेरीपुरतं उरलं. आता तर मलाही ते आठवायला क्षणभर थांबावं लागतं, हे कबूल करतो.

दंतवैद्य घोडेगावचा. त्याचा बाप तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल होता. बाजारात सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा, बघणाऱ्यांना काही कळत नाही. हा मुलगा लहानपणापासून त्या रुमालाशेजारी वाढला. बाजारतळाच्या भिंतीवर कोळशाने बैल काढायचा, आणि गिऱ्हाइकं दावणीचे बैल सोडून भिंतीवरचे बघत उभी राहायची. बाप वैतागला. शेवटी म्हणाला, "एक वरीस जा नगरला. मावशीच्या घरी ऱ्हा. वरसाच्या आत तुजं काय तरी बाजारात इकाय आलेलं मला दाव. मंग पुढचं बोलू. न्हाईतर दावं धर आन् माज्या शेजारी हुबा ऱ्हा." एवढ्या एका अटीवर तो माडी चढून आमच्यात आला होता, आणि ही अट तो कधी विसरत नसे.

त्याच्या सवयींनी मला सुरुवातीला फार त्रास दिला. मी कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. माझ्या पेन्सिलींना टोक, माझ्या कागदाला समास. कोळशाचं चित्र खोडायला तेव्हा पावाचा मऊ गर वापरायचे, म्हणून आम्ही वर्गणी काढून लष्करी कँपातून पाव आणत असू. माझ्या वाट्याचा पाव संध्याकाळपर्यंत काळाकुट्ट होई. दंतवैद्य आपला तुकडा पहिल्या दहा मिनिटांत खाऊन टाकायचा. मी एकदा रागावून म्हणालो, "आणि खोडायला काय घेशील?" तो म्हणाला, "सौदा झाल्याव कुनी खोडतं व्हय?" त्याची रेघ एकदा पडली की पडली. चुकली तर चुकीसकट चित्र पुढे जायचं, आणि चमत्कार असा की पुढे गेल्यावर ती चूक वाटत नसे. माझं चित्र अगदी बरोबर असायचं, आणि त्यात काही नसायचं. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर मी जळत होतो.

कुठलीही वस्तू काढायची तर आधी तिच्यावरून हात फिरवणार. घागर असो, जोडा असो, नाहीतर समोर बसवलेले म्हातारे शिपाईबुवा. शिपाईबुवांच्या गालफडावरून याने हात फिरवला तेव्हा ते भडकले होते, पण चित्र पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतःच गाल पुढे करून बसले. "डोळा फसिवतो रं," तो मला सांगायचा. "बाजारात जनावर धुऊन, शिंगं रंगवून आनत्यात. डोळा म्हनतो लई देखनं हाय. हात फिरिवला का बरगडी लागती."  घरी गेल्यावर मी दार लावून आईच्या पाट्यावरवंट्यावरून हात फिरवून पाहायचो.

वर्षातले नऊ महिने असे गेले. दंतवैद्याचं काही विकायला येण्याचं चिन्ह दिसेना. मग एके दिवशी एक छापखानेवाले शेठ माडी चढून आले. त्यांना खेड्यापाड्यांतल्या बाजारांत विकायला एक अंकलिपी काढायची होती. लढाईपायी चित्रं छापायचे जस्ताचे ठोकळे मिळेनासे झालेले, तेव्हा मुलांनी चित्रं लाकडावर कोरून द्यावीत. आतली चित्रं सगळ्यांनी वाटून घ्यायची. मुखपृष्ठावर औत हाकणारा शेतकरी हवा, आणि ते ज्याचं पसंत पडेल त्याचं नाव खाली छापायचं. दंतवैद्याने माझ्याकडे पाहिलं. अंकलिपी बाजारात गोणपाटावर मांडून विकतात. बापाची अट पुरी व्हायला याहून सरळ वाट नव्हती.

मीही औताचं चित्र केलं. बैल काढले ते जुन्या पुस्तकांतून शोधून. एकाचं तोंड हौसेने उघडं दाखवलं आणि खालीवर दातांच्या दोन स्वच्छ रांगा काढल्या. दंतवैद्याने चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "ह्याला कवळी कुनी बसिवली?" बैलाला वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, हे मला अठराव्या वर्षी, त्या माडीवर कळलं. रागाने माझे कान तापले. तो म्हणाला, "मी गप बसनार हुतो. पन मंग तुला घोडेगावात हसले असते, आन् मला ते बघवलं नसतं." वास्तविक मुखपृष्ठासाठी आमच्यातच चढाओढ होती. त्याने गप्प बसायला हरकत नव्हती.

त्याने आपलं चित्र कागदावर काढलंच नाही. सागवानाचा ठोकळा मांडीवर घेतला आणि मनातली जोडी सरळ कोरायला लागला. ही जोडी त्याच्या घरची. त्याच्या बापाने ती स्वतःसाठी ठेवली होती आणि पुढे एका अवघड साली विकून टाकली होती. चार दिवस पटाशी चालली. शनिवारी सकाळी मास्तरांनी ठोकळ्यावर शाई फिरवली, कागद दाबला आणि उचलला. आम्ही सगळे पुढे सरकलो. मातीत रुतलेले खूर, ताणलेल्या माना, शेतकऱ्याची वाकलेली पाठ, सगळं जिवंत. मी मनातल्या मनात हार मानली. शेठ तिथेच होते, ते म्हणाले, "झालं, हेच घेतो."

फक्त दंतवैद्य पांढराफटक पडला. "मास्तर, जोडी बदलली," तो म्हणाला.

ठोकळ्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. डावं ते उजवं होतं. मास्तरांनी हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि आम्ही सगळे चित्र उलटवून मग कोरत होतो. दंतवैद्यानेही मान डोलावली होती, पण आतापर्यंत त्याच्या वाट्याला आंबा आणि घागर आली होती. ती उलटली काय, सुलटली काय, कुणाला पत्ता लागणार. बैलांचं तसं नाही. जो बैल डाव्या अंगाला चालायला शिकला तो जन्मभर डावीकडेच चालतो. उजवीकडे जुंपला तर अडतो, जू टाकतो, मार खातो पण पाऊल उचलत नाही. कागदावर डावीकडचा बैल उजवीकडे गेला होता.

मास्तर समजुतीने म्हणाले, "कोण बघतंय? मुलं काय ते बैल जुंपणार आहेत?"

"मुलंच बघतील, मास्तर. त्यांच्या घरी बैल हायेत. पहिलं पुस्तक हाताला येनार, आन् त्यातच खोटं?"

शेठ घड्याळ बघायला लागले. त्यांना ठोकळा लगेच हवा होता. ते पुढे झाले तसा दंतवैद्याने पटाशी उचलली आणि ठोकळ्यावर आडवी ओढली. बैलांच्या पाठींवरून एक खोल ओरखडा गेला. आता तो ठोकळा कुणीच छापू शकत नव्हतं. मास्तर खाली बसले. शेठ रागाने लाल होऊन म्हणाले, "सोमवारी सकाळी दुसरा आणा. नाहीतर ह्याचा घेतो," आणि बोट माझ्या कवळीवाल्या बैलाकडे केलं.

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी डोळ्यांपुढे आलं, की घोडेगावच्या बाजारात माझ्या नावासकट तो बैल बत्तिशी दाखवतो आहे. शिवाय समोर हा गडी कोरा ठोकळा मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचा हात अडला होता. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच. त्याला ती जोडी उलटी आठवता येईना. डोळे मिटायचा, हात हवेत फिरवायचा आणि पुन्हा थांबायचा. "मला ती हाय तशीच दिसती रं," तो म्हणाला. चार दिवसांचं काम दोन दिवसांत करायचं होतं आणि सुरुवातच होत नव्हती.

तेव्हा मला एक सुचलं, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मला सुचलेलं ते सर्वांत शहाणपणाचं. चुकलेला छाप आमच्याकडे होता की. तो जसाच्या तसा नव्या ठोकळ्यावर उतरवला, की छापताना पुन्हा उलटणार आणि जोडी आपापल्या जागी येणार. आणि जसंच्या तसं उतरवणं हे तर माझं हुकमी काम, ज्यावरून मास्तर मला रोज टोमणे मारायचे. मी तेलकागद घेतला आणि त्याच्या बैलांवरून एकेक रेघ गिरवली. त्या दिवशी मला त्याची रेघ आतून कळली. कुठे जोर दिला, कुठे हात सैल सोडला, सगळं माझ्या बोटांना लागलं. रविवारी दिवसभर तो कोरत होता आणि मी भुसा फुंकत होतो. सोमवारी सकाळी छाप निघाला. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. शेठ म्हणाले, "मला तर दोन्ही सारखेच दिसतात."  दंतवैद्याने माझ्या वाट्याचा पाव उचलला आणि खाल्ला.

दिवाळीनंतर अंकलिपी बाजारात आली. त्याने मला घोडेगावला ओढून नेलं. पेट्रोलच्या टंचाईत कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार चढावर दोनदा थांबली आणि आम्ही दोन्ही वेळा उतरून ढकलली. त्याचा बाप बाजारतळाच्या कडेला चहा पीत बसला होता. उंच, कोरडा माणूस. मुलगा पुस्तक आणायला गेला तेव्हा त्याने मला शेजारी बसवून घेतलं आणि इकडचं तिकडचं विचारता विचारता सहज म्हणाला, "ते मुंबईचं मोठं शिक्षान म्हनत्यात, ते किती वरसांचं आसतंय?" मी सांगितलं, "पाच." तो "आस्सं" म्हणाला आणि बशीतला चहा संपवला.

दंतवैद्याने गोणपाटावरची एक अंकलिपी आणून बापापुढे धरली. बापाला अक्षर येत नव्हतं. त्याने आधी मुखपृष्ठावरून हात फिरवला, मानेवरून, पाठीवरून, खुरांपर्यंत. मला वाटलं आता काही बोलेल. शेजारचा एक शेतकरी वाकून म्हणाला, "ही तर तुमची जोडी. डावा बगा, तसाच रेलून चालतोय." म्हाताऱ्याचा हात चित्रावर तसाच राहिला. मग त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, मुलाचा हात पुढे ओढला आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. आम्ही सगळे बघत होतो आणि कुणाला काही दिसत नव्हतं. रुमाल थोडा हलला, मग हलायचा थांबला. बराच वेळ थांबला.

पुढे दंतवैद्य मुंबईला शिकला आणि मुलांच्या पुस्तकांतून त्याने किती चित्रं काढली त्याला गणती नाही. त्याच्या कुठल्याच बैलाला वरचे दात नाहीत. मी नगरलाच चित्रकलेचा मास्तर झालो. वर्गातल्या पोरांना सांगत असे, आधी हात फिरवा, मग पेन्सिल उचला. हे वाक्य माझं नाही, हे मात्र सांगायचं राहून जाई. म्हणून आज लिहितो आहे.

त्या दिवशी परतीच्या मोटारीत तो खिडकीतून बाहेर बघत बसला होता. मला राहवेना. विचारलं, "रुमालाखाली काय ठरलं?"

"मी तीन बोटं धरली," तो म्हणाला. "म्हनलं, तीन मागावी तवा दोन वरसं मिळतील. बानं माजी पाची बोटं धरली." "सौदा तर झाला हुता. पन मंग हातच सोडंना रं."