एक्स-रे कोणी वाचला?

नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते, तिथं सोनोग्राफीचं मशीन या खोलीतून त्या खोलीत हलवायचं म्हटलं तरी सरकारला कळवावं लागतं. गरोदर बाई आली की आधी फॉर्म, सह्या, मग तपासणी. एक रकाना कोरा राहिला तर मशीनला सील लागायची भीती. नाकापेक्षा मोती जड, असं म्हणत मी वर्षानुवर्षं ते फॉर्म भरत आलेय. पण कायदा का आला, हेही मला ठाऊक आहे. तीन मुलींनंतर चौथी नको म्हणून आमच्या थोरल्या काकूला कुठं नेलं होतं, ते मला बायकांच्या कुजबुजीतून लहानपणीच कळलं होतं. मशीन खरं तेच बोललं होतं. नियत आमची खोटी होती.

गेल्या वर्षी छातीचे एक्स-रे वाचणारं एआय आलं. कंपनीचा माणूस दुपारी आला, तासाभरात कॉम्प्युटरमध्ये काहीतरी टाकलं आणि चहा पिऊन निघाला. मी विचारलं, "याचा फॉर्म कुठं भरायचा?" तो हसला. "मॅडम, तुम्हाला काहीच भरायचं नाही." दिल्लीत कुणी परवानगी दिली असेलही, आमच्या खोलीत विचारायला कुणी आलं नाही. त्याच्या हसण्याचा राग आला, पण खरं सांगते, एक कटकट वाचली म्हणून बरंही वाटलं.

मग एक दिवस खाला आली. जुन्या नांदेडात तिचं बांगड्यांचं दुकान आहे, सगळे तिला खालाच म्हणतात. माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरला होता. तीन आठवडे खोकला होता. एक्स-रे काढला. स्क्रीनवर आलं, 'नॉर्मल'. मला मात्र गळ्याच्या हाडामागे पुसट सावली दिसली. डॉक्टर उशिरा आले, गठ्ठ्यात सह्या केल्या आणि निघून गेले. पूर्वी एकदा मी तोंड उघडलं होतं तेव्हा ऐकून घेतलं होतं, "फोटो काढणं तुझं काम, वाचणं नाही."

"काय आलं गं बेटी?" खालानं विचारलं. "घरात पोता हाय, दीड महिन्याचा. माझ्याच मांडीवर निजतो. काही असलं तर आत्ताच सांग."

"मशीन नॉर्मल म्हणतंय, खाला."

"अल्ला का शुकर," म्हणत ती गेली.

संध्याकाळी घरी परतताना उमरीच्या गाडीत जागा मिळूनही मला बसवेना. दारापाशी उभी राहिले, परत आत आले. घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, सरकारनं या एआयला वेसण घातली पाहिजे.

"सरकार कशाकशात लक्ष घालील?" तो म्हणाला. "आन् फॉर्म आले की तूच बोंबलशील. सोनोग्राफीच्या फॉर्मला रोज शिव्या देऊन राहिलीस न्हाई का?"

मी ताट सरकवून उठले. तो बरोबर बोलला होता, म्हणून तर राग आला. पण मला फायली नको होत्या. मला एक रकाना हवा होता: मशीननं काय सांगितलं, माणसानं काय पाहिलं, खाली सही. तसा सरकारी रकाना असता तर तो कोरा सोडायची माझी छाती झाली नसती. भिऊन का होईना, मी 'सावली' लिहिलं असतं. माझ्यासारख्या भित्र्यांसाठीच तर कायदे लागतात.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाला फोन केला. "खाली बारीक अक्षरांत लिहिलंय ना, अंतिम जबाबदारी डॉक्टरांची." डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक फोटो मीच बघायचा, तर सॉफ्टवेअर कशाला घेतलं?" कंपनी उंटावरून शेळ्या हाकणार, डॉक्टर कंपनीकडे बोट दाखवणार. आणि मी? तोही दिवस मी तसाच घालवला.

तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. दुकानात गेले आणि गिऱ्हाईक तसंच सोडायला लावून खालाला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला नेलं. टीबी निघाला. तिची औषधं सुरू झाली. बाळालाही तपासायला न्यायचं ठरलं.

ते सांगायला मीच त्यांच्या घरी गेले. सून बाळाला छातीशी धरून उभी होती. खाला लांब, दाराच्या चौकटीत, पदर तोंडावर दाबून. मी कंपनीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, सरकारनं काय करायला पाहिजे तेही भडाभडा बोलले. सुनेनं सगळं ऐकून घेतलं.

"मशीन काय म्हणाली ते तुम्ही त्या दिवशी अम्मीला सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही काय पाहिलं होतं?"

"सावली," मी म्हणाले.

बाळ रडायला लागलं. खालाचे दोन्ही हात सवयीनं पुढं झाले आणि तिनं ते मागं घेतले.