चार्जरमधली फट

माझी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्याची. स्वभावच तसा असल्यामुळे वेगळं शिकावं लागलं नाही. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनचं फर्मवेअर तपासायला येतं. फर्मवेअर म्हणजे चार्जरच्या पोटात कायमची बसवलेली आज्ञावली. तिच्यात चोराला शिरायला फट कुठे आहे, ते शोधायचं आणि बनवणाऱ्याला कळवायचं.

एका कंपनीच्या चार्जरमध्ये तर फट कसली, सताड उघडं दार होतं. दुरुस्तीसाठी ठेवलेला पासवर्ड सगळ्या चार्जरना एकच. मालकाने तो बदलावा, असं पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलेलं. कोणी कोणी बदललेला नाही ते बघायला कंपनीने बसवलेल्या चार्जरची यादी दिली. त्यात आमचं कोकणातलं नांदगाव होतं. हायवेला लागून, काजूच्या कारखान्यासमोर. कारखाना माझ्या बाबांचा, चार्जरही त्यांनीच बसवून घेतलेला.

बाबांनी पासवर्ड बदलला नव्हता. ते कसले बदलतायत! लहानपणी आम्ही सगळे बागेत जायचो तेव्हा घराची किल्ली दाराच्या चौकटीवर असायची, आणि हे अर्ध्या वाडीला ठाऊक होतं. मी कटकट केली की म्हणायचे, "कोण अडलेलो इलो तर? तेणी पाणी खंय पिवचा?"

मी शिरोड्याच्या एका ख्रिस्ती घरात लग्न केलं, तेव्हा मात्र याच माणसाने मला दार बंद केलं. तीन वर्षं फोन नाही. मीही हट्टाला पेटले. शेवटी मुलगी त्यांचीच.

यादीचं काम एका दिवसाचं होतं. मी तीन आठवडे अहवाल दिला नाही. परवानगी तपासणीपुरतीच होती, तरी रोज सकाळी नांदगावच्या चार्जरमध्ये शिरून बघत बसायचे. ही सरळ चोरीच. साडेसहाला चार्जर सुरू झाला, म्हणजे बाबा उठले. दुपारी संपर्क तुटला, म्हणजे लाईट गेली, बाबा शर्ट काढून पडवीत बसले असतील. बाबांची इतकी आठवण यायची की चार्जरचं तापमान वाचूनसुद्धा बरं वाटायचं.

फुकट चार्जिंग कोणाला द्यायचं त्यांचे नंबर मालकाला आत घालून ठेवता येतात. बाबांनी घातले होते. डॉक्टर, हेडमास्तर, पाद्री. पाद्री! म्हणजे पाद्रीबाबा चालतात, जावई चालत नाही, असं मी स्क्रीनला मोठ्याने सुनावलं. मग शेवटची ओळ वाचली. 'चेडू', म्हणजे मुलगी. पुढे माझा मोबाइल नंबर. एकदाही न वापरलेला. पुण्यात नोकरी म्हणजे दारात इलेक्ट्रिक गाडी असणारच, असं त्यांनी धरलं असावं. माझ्याकडे आहे ती पेट्रोलची स्कूटर. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

एका सकाळी चार्जर सुरू झाला नाही. साडेसात झाले, नऊ झाले, अकरा झाले. लाईट होती, तरी बंद. बाबा आजारी असतील? पडले असतील? की माझ्यासारखंच कोणी त्या फटीतून शिरून बंद करून गेलं? तापला तरी थांबू नको, अशी आज्ञाही त्या चार्जरला कोणी परकं माणूस देऊ शकलं असतं, आणि हे मला तीन आठवडे माहीत होतं. बाराला चार्जर सुरू झाला. उशीर का झाला ते मला कधीच कळलं नाही. त्याच दुपारी मी अहवाल दिला आणि साहेबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला चांगलंच झापलं. वर बजावलं, यापुढे या चार्जरना हात लावायचा नाही, फक्त मालकांना फोन करायचे.

फोन अशासाठी, की नवं फर्मवेअर चढलं की फट बुजणार होती, पण नंबरांची यादीही पुसली जाणार होती. कोणते नंबर पुन्हा घालायचे ते विचारायचं. न वापरलेले काढून टाकायचे, असा नियम. नांदगावचा फोन मी अगदी शेवटी केला.

"नमस्कार. चार्जिंग स्टेशनच्या कामासाठी पुण्याहून बोलतेय." आवाज जमेल तितका ऑफिसातला काढला.

"बोला मॅडम," बाबा म्हणाले. तेही सरकारी कचेरीत बोलतात तसंच.

मी यादी वाचत गेले. डॉक्टर? ठेवा. हेडमास्तर? त्यांनी गाडी विकली, काढा. पाद्री? ठेवा, ठेवा. मागे काजू फोडायच्या मशीनची घरघर चालली होती. बाबांचा आवाज थकलेला वाटला.

"शेवटचा नंबर राहिला. हा कधीच वापरलेला नाही. नियमाप्रमाणे काढावा लागेल. काढू का?"

घरघर थांबली. मशीन त्यांनीच बंद केली असावी.

"ऱ्हवांदे गो," ते म्हणाले. "माझा चेडू इला तर गाडी खंय लावतला?"

मला 'बाबा' अशी हाक मारायची होती. तोंडातून आलं, "ठेवते, सर."