बारीक केलेला फॉन्ट

मंडळी, ऑफिसात कुणाला सांगता येत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

तारे कसे जन्माला येतात, यावर आमचा ग्रुप संशोधन करतो. पुढच्या निधीसाठी नव्या ग्रँटचं प्रपोजल पंधरा पानांतच बसवायचं होतं. शेवटच्या दिवशी चार ओळी जास्त झाल्या. मी गुपचूप फॉन्ट बारीक केला आणि पाठवून दिलं.

आज मेल आला. फॉन्ट नियमात बसत नाही, म्हणून प्रपोजल न वाचताच परत.

जुनी ग्रँट ऑगस्टमध्ये संपते. माझा व्हिसा आणि आम्हा चौघांच्या नोकऱ्या तिच्यावरच आहेत.

फाइलचा साचा बॉसने बनवला होता, म्हणून त्याला वाटतंय, चूक त्याचीच. दुपारी माझ्या डेस्कपाशी येऊन "आय ॲम सॉरी" म्हणाला. आणि मी, यार, "इट्स ओके" म्हणाले!

उद्या त्याचं दार कुठल्या तोंडाने वाजवू?