लसणाला धूर

पिंजारी इसाकविषयी यादवाला खरं म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. जुन्या नाशकात दोघांच्या परसांमध्ये नऊ वर्षं एकच भिंत. पण त्याचं मूळ गाव कोणतं, मुलंबाळं होती की नाही, हे यादवानं कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटे, जीभ रेटत नसे.

ठाऊक होता तो लसूण. इसाकच्या परसात तीन वाफे असत. एक घोटीच्या बाजारातल्या पांढऱ्याचा, एक मोठ्या पाकळ्यांच्या गुलाबीचा, आणि तिसरा बायको बिलकिसनं नांदगावहून, माहेरून आणलेल्या बारीक जांभळ्याचा. दसरा झाला की पाकळ्या टोक वर करून बोटभर खोल लावायच्या. फाल्गुनात पात पिवळी पडून लोळली की पाणी तोडायचं, आठवड्यानं उपटायचं, आणि जुड्या वळून चुलीवर धुरात टांगायच्या.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात बिलकिस वारली. इसाक खानावळीत जेवू लागला. पावसाळ्यात लसूण सडायला लागला, तसा तो पहिल्यांदाच यादवाच्या दारात आला. हातात जांभळ्याची एकच जुडी उरली होती.

"यादवराव, धुराशिवाय हा टिकत नाही. बाकीचे बाजारात मिळतील, हा मिळायचा नाही. तुमच्या चुलीवर टांगाल?"

"टांगतो की, चाचा."

"पण तुमची चूल तरी कसली! दिवसातून एकदा खोकते न् गप बसते."

यादव ओशाळला. एकटा जीव, सकाळी थापलेल्या भाकरीच तो संध्याकाळी खाई. त्या दिवसापासून दोन्ही वेळा चूल पेटू लागली. काही नाही तर पिठलं. ओल्या लाकडांनी डोळे चुरचुरत, पण गड्ड्या घट्ट राहिल्या. चार दिवसांआड इसाक येई, गड्डी दाबून बघे, "ठीक," म्हणे आणि जाई. आज याला जेवायला थांबवू, असं यादव दर वेळी ठरवी. शब्द काही फुटत नसत.

दसरा झाला आणि त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, इसाक गेला. मूठमातीला बरीच माणसं जमली. त्यांतल्या एकालाही यादव ओळखत नव्हता. तो मागेच उभा राहिला. पुढच्या रविवारी त्यानं आपल्याच परसात वाफा केला आणि जांभळा लावला. उगवला चांगला.

दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते शुक्रवारी, भिंतीवरून.

"परवा लावून टाकू?" इसाकनं विचारलं.

"लावू. ऊन व्हायच्या आत येतो. कुदळ आणू?"

"कुदळ आहे माझ्याकडे. तुम्ही जुडी तेवढी आणा."