काचेला न कळलेलं बोट

सन २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. लाखनीत संग्रहालयाची बस आली होती. आत माणसाएवढी काच होती. काचेवर दिसणाऱ्या जुन्या दगडी मूर्तीच्या चित्रावर बोट ठेवलं की तिला हळूहळू रंग चढायचा, मग ती डोळे उघडायची. काच दाखवणारी पोरगी दर माणसामागं ती ओढणीनं पुसायची, झोपलेल्या लेकराचं तोंड पुसावं तशी.

मी बोट टेकवलं. मूर्ती हललीच नाही. तीनदा टेकवलं. मागून कोणी हसलं, "बुढ्याचं बोट नाई, लाकूड आहे!"

जन्मभर जाळं ओढलेलं बोट ते. मी वळलोच. "राहू दे बाई, मले नाई पाहाचं."

तिनं माझं बोट धरून त्यावरचा घट्टा चाचपला. "बाबाजी, काचेले नाई समजत हे. पण मूर्ती घडवणाऱ्याचं बोट असंच रायलं असन."

मग तिनं स्वतःचं बोट टेकवलं. मूर्तीनं डोळे उघडले. कमरेएवढ्या पाण्यात असल्यासारखा मी तिथं उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो. ज्या दगडावर आम्ही जाळी आपटतो, त्याचं शेवाळ काढलं आणि डोळे मिटून बोट फिरवलं. बोटाला दगडात कोरलेला एक कान लागला.