मामा मागून जेवतात

आमच्या मामेसासऱ्यांच्या हाती विस्तव दिला, तर ते दगडसुद्धा खाण्याजोगा करून देतील आणि त्यातला एक खडाही सगळ्यांच्या आधी तोंडात घालणार नाहीत. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. प्रकाशा या गावाच्या अलीकडे तापीकाठी त्यांचं गाव, काळी जमीन, ऊस आणि थोडी कपाशी. मी नोकरीसाठी नगरकडून नंदुरबारला आलो, इथलाच जावई झालो आणि लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला मामांच्या शेतात भरीत खायला नेण्यात आलं. नेण्यात आलं असंच म्हटलं पाहिजे, कारण जावयाला भरीत आवडतं की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. खानदेशात तो प्रश्नच नसतो. मी घरी खाल्लेलं भरीत गॅसवर भाजलेल्या वांग्याचं होतं, असं मी बोलून गेलो, तेव्हा मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या आईच्या वतीने माफी मागावीशी वाटली.

वांगी निवडणं हा त्यांचा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असे. बाजारात एकेक वांगं तळहातावर घेऊन ते डोळे मिटत. दिसायला मोठं आणि हाताला हलकं असेल तेच घ्यायचं, जड वांग्यात नुसत्या बिया, असा त्यांचा सिद्धान्त. भाजीवाल्या बाया त्यांना लांबून ओळखत. एकदा एकीने सरळ टोपलीवर पदर टाकला आणि म्हणाली, “आप्पा, तुम्ही पुढे जा. तुम्ही हात लायेल वांगं मंग कोन्हीच लेत नही.” मामांना यात अपमान वाटला नाही, उलट आपली कीर्ती बाजारभर पसरल्याचं त्यांनी घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी अकरा माणसांच्या भरिताला त्यांनी चार वांगी आणली होती. बाकीची मामींनी मागच्या दाराने शेजाऱ्याच्या मळ्यातून मागवली आणि मामांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

भाजायचं ते पऱ्हाटीवरच, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर. बाकी सगळी लाकडं त्यांच्या लेखी अंघोळीचं पाणी तापवायची. जाळ कुणी काडीने डिवचला की मामा लगेच त्याचा हात धरत. एका लग्नात मुलाकडचे सगळे फोटोसाठी खोळंबले आणि मामांचा पत्ता नाही. ते मांडवामागे आचाऱ्याच्या भट्टीशी सापडले, फेट्यासकट आणि तोंडाला राख लावून. आचाऱ्याचा जाळ चुकत होता म्हणे. तो त्यांना दुरुस्त करायचा होता आणि आचाऱ्याला तो तसाच ठेवायचा होता, एवढाच काय तो वाद. त्या लग्नाच्या फोटोत मामा आहेत, पण फेटा आचाऱ्याच्या डोक्यावर आहे. हे कसं झालं ते दोघांपैकी कुणीही सांगत नाही.

पण त्यांचा सर्वांत मोठा हट्ट जेवणाबाबतीतला. “इस्तोजोडे बठनारानी मांगथून जेवानं,” हे त्यांचं वाक्य, म्हणजे विस्तवाजवळ बसणाऱ्याने मागून जेवायचं. शेवटच्या माणसाने ढेकर दिल्याशिवाय ते पानावर बसत नसत. माझे एक वरिष्ठ साहेब भरिताला आले होते. त्यांनी फारच आग्रह केला, मामांचा हात धरून त्यांना बसवू लागले. मामा नम्रपणे म्हणाले, “साहेब, गाडीना डायवर पहिले उतरस का?” साहेब बसले, जेवले आणि पुढे कित्येक दिवस ऑफिसात हे वाक्य आम्हाला फाइली उशिरा येण्याच्या संदर्भात ऐकवत राहिले. मामींचंही तसंच. चुलीपुढे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापणारी ती बाई कधी जेवते, हा प्रश्न आम्हा जेवणाऱ्यांना पडत नसे. आम्हाला फक्त पुढची भाकरी गरम येते का, याची काळजी.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी मामी गेल्या. चार दिवसांचं दुखणं, पाचव्या दिवशी सगळं संपलं. मामा रडले नाहीत, निदान आमच्यासमोर तरी नाही. पण तो हिवाळा आला तसाच गेला आणि शेतात पऱ्हाटी पेटली नाही. “औंदा वांगा बेस नहीत,” असं म्हणत राहिले. वांगी उत्तम होती, मी स्वतः रोज खात होतो. फोनवर त्यांची मुलगी, म्हणजे माझी मेहुणी, रोज विचारायची, “आप्पा, जेवनात का?” आणि ते रोज सांगायचे, “जेवनू ना.” ती खांडबाऱ्याला शाळेत शिकवते. एका रविवारी न कळवता गावी गेली, तर शेजारणीने सकाळी दिलेला डबा संध्याकाळी खुंटीला तसाच लटकलेला. असे किती डबे गाईपुढे गेले असतील, याचा हिशोब गाईलाच ठाऊक. सदरा अंगावर लोंबावा इतका सैल झाला होता. शहाद्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं की आजार काही नाही, माणूस जेवत नाही एवढंच. हे असंच चाललं तर पुढचा हिवाळा कठीण आहे, असंही म्हणाले. मेहुणीने हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत होता, म्हणून मला ते जास्तच लागलं.

नंदुरबारला बायपासवर तेव्हा नुकतंच एक बार्बेक्यूचं हॉटेल उघडलं होतं. थंडगार हॉल, मंद दिवे आणि टेबलाच्या मधोमध खळग्यात ठेवलेली निखाऱ्यांची लोखंडी पेटी. वेटर मसाला लावलेल्या सळया त्यावर आणून ठेवतात, आपण फिरवायच्या आणि खायच्या. टेबलावर छोटा झेंडा असतो. तो उभा आहे तोवर सळया येतच राहतात, आडवा केला की थांबतात. मेहुणीने हे ऐकलं आणि तिच्या मनाने घेतलं की विस्तव दिसला तर आप्पा जेवतील. तिने रविवारी दुपारचं टेबल सांगितलं. ती, तिचा नवरा, आम्ही दोघं आणि मामा. मामांना फक्त एवढंच सांगितलं होतं की जावयांना नंदुरबारला काम आहे, सोबत चला.

मामा आले, बसले आणि निखारे पाहताच त्यांचा चेहरा बदलला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचे डोळे कशावर तरी ठरले. मेहुणीने टेबलाखाली माझ्या बायकोचा हात दाबला. मामांनी आधी खाली वाकून टेबलाला आग लागत नाही ना याची खात्री केली, मग वेटरला विचारलं, “भाऊ, पऱ्हाटी नही का?” तिशी ओलांडलेला तो सभ्य माणूस म्हणाला, “नाही सर, कोळसा आहे.” मामांनी मेनूकार्ड उचललं, एकदा दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि त्याच कार्डाने निखाऱ्यांना वारा घालायला सुरुवात केली.

पुढचा दीड तास मामा रंगात होते. पनीर त्यांच्या मते भाजलं जात नाही, नुसतं घाम गाळतं. मक्याचं कणीस मात्र त्यांनी अशा नजाकतीने फिरवलं की वेटर बघत उभा राहिला. अननसावर तिखट टाकून तो भाजतात हे कळल्यावर ते म्हणाले, “शहाणा शेतस हाई लोके.” शेजारच्या टेबलावर लग्नाचा वाढदिवस साजरा करणारं एक तरुण जोडपं होतं. त्यांची सळई करपते आहे हे दिसताच मामा उठले आणि त्यांचीही भट्टी ताब्यात घेतली. जोडप्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग बटाटा खाल्ला, मग दोघांनीही ताटल्या पुढे केल्या. वेटरला मामांनी विचारलं, “तू जेवना का?” तो म्हणाला, “आमचं नंतर असतं आप्पा, सगळे टेबल आटोपल्यावर.” मामांनी आमच्याकडे वळून म्हटलं, “देखा. याले समजस.”

मी जेवत होतो, हे वेगळं सांगायला नको. मामा भाजत होते, वाढत होते आणि मी आडवा हात मारत होतो. त्यांच्या हातचं खायला मिळून वर्ष झालं होतं. अडीचच्या सुमारास माझ्या पोटात जागा उरली नाही आणि मी समाधानाने तो छोटा झेंडा आडवा केला. वेटर हातमोजे घालून आला आणि निखाऱ्यांची पेटी उचलण्यासाठी वाकला. तेव्हा मामा नम्रपणे म्हणाले, “जराखा थांब भाऊ. आते मन्हा जेवाना टाइम व्हयना.” आत्ता कुठे त्यांची जेवायची वेळ झाली होती.

त्यांच्यापुढची ताटली कोरी होती. आम्ही पाचजण जेवायला बसलो होतो आणि ज्यांना जेवू घालायला हा सगळा घाट घातला, त्यांनी तीळभरही खाल्लं नव्हतं. विस्तव समोर आला म्हटल्यावर मामा पाहुणे राहिलेच नव्हते. त्यांना पानावर बसवायचं सोडून आम्ही शेतच त्यांच्यापुढे आणून ठेवलं होतं, आणि मी झेंडा आडवा करून मोकळा झालो होतो. मला माझ्या ढेकराची लाज वाटली. बायको म्हणाली, “मामा, आधी का नाही सांगितलं?” मामा म्हणाले, “ऱ्हाऊ दे माय. भूकबी नही शे एवढी.” आणि ते उठायला लागले. ते उठले असते तर पुन्हा त्यांना असं बसवणं कुणाच्या हातात नव्हतं.

तेवढ्यात मेहुणी म्हणाली, “मीबी जेवनी नही.”

आम्ही सगळ्यांनी तिच्या ताटलीकडे पाहिलं. मामांनी वाढलेलं एकेक तिच्यासमोर तसंच पडलं होतं. कणीस थंड, अननस थंड, पनीर थंड. आम्हा खाणाऱ्यांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मामांच्याही नाही, आणि विस्तवाशी बसल्यावर इतकी मोठी चूक मामांकडून कधी झाली नसावी. ते कावरेबावरे झाले. “काब्रं? काब्रं नही जेवनी?”

“तुम्हनासंगे जेवसू म्हणीसन थांबनी,” ती म्हणाली. “माय बठे ना तुम्हनासंगे. रोज बठे. माले नही बठता येत का?” शाळेतला खणखणीत आवाज मध्येच फुटला. तिचा नवरा पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिला.

मामांनी वेटरला खूण केली की पेटी राहू दे. निखारे विझत आले होते, नव्या सळया आता मिळणार नव्हत्या. वेटर आत गेला आणि न सांगता दोन कणसं आणि थोडे बटाटे घेऊन आला. मामांनी ते ठेवले आणि मुलीला म्हणाले, “सरक आथी.” ती त्यांच्या बाजूला सरकली. मग तिने आमच्याकडे न बघता सांगितलं की तुम्ही तिघं बाहेर थांबा. आम्ही निमूट उठलो.

बाहेर ऊन होतं. बायको आणि साडू गाडीत जाऊन बसले, मी बडीशेप चघळत काचेशी उभा राहिलो. मामांनी कणीस तोडून अर्धं मुलीला दिलं, अर्धं स्वतः घेतलं आणि खाल्लं. सावकाश, पण खाल्लं. आणि खाता खाता ते बोलत होते. हात हलवत, मध्येच थांबून हसत, काहीतरी लांबलचक सांगत होते आणि मुलगी ऐकत होती. जेवताना मामा बोलतात, हे मला ठाऊकच नव्हतं. इतके हिवाळे त्यांच्या हातचं खाल्लं, पण त्यांचं पान मांडलं जाईपर्यंत मी एकदाही थांबलो नव्हतो.