पहिल्या गाडीनं जा, शेवटच्या गाडीनं या

आमच्या तांड्यातून नागपूरला जायचं तर दोनच कारणं पुरेशी मानतात, कोर्ट नाही तर दवाखाना. या मार्गशीर्षात आम्ही बहीणभाऊ तिसऱ्या कारणानं गेलो. माझी थोरली बहीण गोमाबाई हिला आपल्या मुलाचं घर पाहायचं होतं.

रामसिंग तिचा एकुलता एक. नागपुरात सरकारी कचेरीत कारकून आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला क्वार्टर मिळाली. बाप लवकर गेला, म्हणून मुळाक्षरं मी गिरवून घेतली, अंगणातल्या धुळीत, त्याचं बोट धरून. मी स्वतः राळेगावकडच्या एका खेड्यातल्या शाळेत चार इयत्ता शिकलो. तांड्याला तेवढं पुष्कळ होतं.

"या" म्हणून त्याचं पत्र आलं. अधिवेशनाचे दिवस होते. राजधानीचा मान गेला तरी हिवाळ्यात काही आठवडे नागपूर पुन्हा राजधानी होतं, आणि ते पाहण्यासारखं असतं असं त्यानं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: "याडीला सांगा, लुगडं नेसून यावं. इथले लोक वेगळे आहेत."

याडी म्हणजे आमच्या गोरबोलीत आई, तसं भिया म्हणजे भाऊ. ही ओळ वाचताना गाळावी असं मनात आलं. पण देवाच्या कोनाड्यासमोर बसून वाचत होतो. गाळवली नाही.

गोमाबाई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. फेटिया म्हणजे आमच्या बायांचा आरसे आणि कवड्या शिवलेला घागरा. तो ती लग्नापासून घालत आली. नवरा गेला तेव्हा रिवाजाप्रमाणे तिनं चुडा उतरवला. फेटिया उतरव असं तेव्हाही कोणी म्हटलं नव्हतं.

"भिया, लिव त्याले," ती म्हणाली, "तुही याडी येऊन राह्यली. दुसऱ्या बाईले बोलावलं असशीन तं तिले येगळं पत्र टाक."

मी एवढंच लिहिलं, की शनिवारी येतो.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगतो. आमच्याकडून बैलगाडीनं वर्धा नदीपर्यंत जायचं. या दिवसांत उताराला गुडघाभर पाणी असतं. पलीकडून एस.टी.नं हिंगणघाट आणि तिथून रेल्वेनं नागपूर. भाकरी, लसणाची चटणी आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा बरोबर घ्या. स्टेशनावरची पुरी गार मिळते. निघताना मी अरदास केली, देवाला म्हटलं, पोराला काही सुचव. गोमाबाईनं आपलं सगळं सामान, दुसऱ्या फेटियासकट, एका गाठोड्यात बांधलं. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. त्यांचा एक नेम ती अजून पाळते. मुक्काम सोडताना मागं काही ठेवायचं नाही. जिथं वस्तू राहिली तिथं परत येणं आलं.

नागपूर स्टेशनावर रामसिंग आला होता. पाया पडला. मग इकडंतिकडं पाहून म्हणाला, "आई, चला लवकर, टांगा उभा आहे."

तांड्यात तो तिला याडी म्हणायचा. मी गोमाबाईकडं पाहिलं. ती टांग्याच्या घोड्याकडं पाहत होती.

क्वार्टर छान आहे. आठ दारांची रांग, समोर सामायिक नळ, आत दोन खोल्या. लग्नाचं तो अजून मनावर घेत नाही, त्यामुळे घर रिकामंच वाटलं. जेवणं झाली तसा त्यानं फुलस्केप कागद काढला. "मामा, शहरात काय पाहायचं? नुसती गर्दी. आजूबाजूची ऐतिहासिक गावं पाहा. रेल्वेनं एका दिवसात जाऊन येता येतं." कागदावर तीन नावं लाल शाईनं लिहिलेली: रामटेक, भांदक, चांदा. पुढं गाड्यांच्या वेळा. खाली रेघ मारून लिहिलं होतं, "पहिल्या गाडीनं जाणे, शेवटच्या गाडीनं येणे."

अक्षर मोत्यासारखं. मला अभिमान वाटला, आणि मग तोच कागद दुसऱ्यांदा वाचला.

गोमाबाईला वाचता येत नाही. तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि म्हणाली, "पह्यल्या गाडीनं जाचं, शेवटच्या गाडीनं याचं. मंग घर कवा पाहाचं?"

रामसिंग दिव्याची वात सारखी करत बसला.

सकाळी निघालो तेव्हा नळावर चार नंबरच्या बाई कळशी भरत होत्या. "कोण पाहुणे, रामसिंगजी?"

"गावाकडची माणसं," तो म्हणाला आणि सायकलला हवा भरू लागला.

आम्ही दोघांनी ऐकलं. फाटकाबाहेर आल्यावर गोमाबाईनं गाठोडं डोक्यावर सारखं केलं. "चाला, गावाकडची मानसं," ती म्हणाली. पुढं दोन दिवस ती मला याच नावानं हाक मारत होती.

रामटेकची गाडी कामठीवरून जाते. तिसऱ्या वर्गात सकाळी जागा मिळते. पानमळेवाले टोपल्या घेऊन चढतात, डबाभर ओल्या पानांचा वास. तिकीट तपासनीस आला. डबा भरलेला असताना त्यानं पहिलं तिकीट आमचंच मागितलं. समोरचा एक टोपीवाला हसून म्हणाला, "ओ लमानीन, हे आरसे खरे हायेत का?"

"वाकून पाहा ना बाप्पा," गोमाबाई म्हणाली. "तोंड दिसलं तं खरे."

डबा हसला. टोपीवालाही हसला आणि त्यानं सरकून जागा दिली. संध्याकाळी परतीच्या गाडीत तपासनीस दारात दिसताच ती तिकिटं हातात धरून उभी राहिली आणि ओरडली, "या साहेब, आमचं पह्यलं!"

स्टेशनावरून गडाच्या पायथ्याशी टांग्यानं जावं. टांगेवाला आधी बारा आणे म्हणतो, आठ आण्यांत येतो. पायऱ्या पुष्कळ आहेत, सकाळीच चढाव्या. माकडं हातातलं हिसकतात, म्हणून नारळ पिशवीत ठेवावा. गोमाबाई गाठोडं डोक्यावर घेऊन चढली. धर्मशाळेत ठेव म्हटलं तर ऐकेना. वर देवळात मी बराच वेळ बसलो. राम चौदा वर्षं घराबाहेर होता; परत आला तेव्हा आयांनी त्याला वेशीवर अडवला नव्हता, इतकंच मनात येत राहिलं. मागणं काही सुचलं नाही.

उतरताना शहरातली काही मंडळी भेटली, अधिवेशनाला आलेल्यांचे पाहुणे असावेत. त्यांच्यातला एक कॅमेरा रोखून म्हणाला, "बाई, जरा इकडं बघा."

तिनं पदर नीट केला, सरळ उभी राहिली. फोटो निघाल्यावर म्हणाली, "आता लिवून घ्या. रामसिंग कारकुनाची माय. फोटो त्याच्याच क्वार्टरवर पाठवा, आठ नंबर." मला पत्ता सांगायला लावला. त्या माणसानं खरंच लिहून घेतला. पायऱ्या उतरताना ती खुशीत होती. "आठ दारांपासून लपवलं पोरानं," ती म्हणाली, "अन् दावलं साऱ्या मुलखाले."

दुसऱ्या दिवशी भांदक. गाडी सेवाग्रामवरून वळते आणि पुढं हिंगणघाट येतं. आमचंच स्टेशन. ज्या बाकावर दोन दिवसांपूर्वी आम्ही भाकरी खाल्ली तो बाक समोरून गेला. गोमाबाई खिडकीला नाक लावून पाहत राहिली.

"भिया, हा तं आपल्याले घराकडंच धाडून राह्यला!"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. वाचकांनी एवढं ध्यानात घ्यावं, की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला भांदकला जायला नागपूरला जायची गरज नाही. वणीहून तर ते हाकेवर आहे.

भांदकला नागाच्या देवळात दर्शन घेतलं. मग विजासनची लेणी पाहिली. टेकडीच्या पोटात लांब अंधारी बोळ आहे, शेवटी बुद्ध बसलेला. कंदील किंवा काड्यापेटी जवळ असावी. मला सगळ्यात आवडला तो तळ्यातला जुना दगडी पूल. जाडजूड खांब, वर आडव्या शिळा, चुना नाही की काही नाही. आमचा बाप सांगायचा, लादलेल्या बैलांसाठी अशी तळ्याची गावं मुक्कामाला धरत. याच तळ्यावर आमचे बैल पाणी प्यायले की नाही, कोण सांगणार? तिथं गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं, पूल कोणी बांधला.

"राजानं."

"दगड कोन वाह्यले?" गोमाबाईनं विचारलं.

म्हातारा विचारात पडला. "वाह्यले असतीन कोनी."

"ते आमच्यासारखेच," ती म्हणाली, आणि पुलावर बसून निवांत भाकरी खाल्ली.

परतीची गाडी हिंगणघाटला थांबली तेव्हा सूर्य मावळायचा होता. गोमाबाई उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि दाराकडं चालू लागली.

"उतर."

"बाई, नागपूर पुढं आहे."

"मले ठाऊक हाये. मागं काही ठेवलं नाई मी. रातभर इथंच टेकू, सकाळच्या एस.टी.नं नदीवर. उद्या दुपारी आपल्या ओट्यावर."

मी उतरलो. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. फलाटावर एक बाई पेरू घेऊन बसली होती. गोमाबाईनं चार निवडून घेतले.

"कुठून येनं झालं, बाई?" पेरूवालीनं विचारलं.

"पोराच्या घरून."

"मोठं हाये काय घर?"

गोमाबाई पेरू पदरात बांधू लागली. त्या घरात ती दोन रात्री झोपली होती. भिंतीचा रंगसुद्धा तिला सांगता आला नसता. गार्डनं शिटी दिली. ती वळली आणि मला जवळजवळ ढकलतच डब्याकडं आली.

"चाल भिया, बस. त्याच्या घरी आपन अजून गेलोच नाई."

तिसऱ्या दिवशी चांद्याची गाडी पहाटेची होती. रामसिंगनं मला हलवलं, "मामा, उशीर होईल." पाहतो तर गोमाबाई नळावर. दुसरा फेटिया धुऊन तिनं दारासमोरच्या दोरीवर पसरला होता. त्याचे आरसे उन्हाची वाट पाहत होते. घरात गाठोडं सुटलेलं, फडका घडी घालून कोनाड्यात.

"आज गाडी नाई," ती म्हणाली.

"आई, दुपारी साहेबांचा माणूस कागद न्यायला येणार आहे."

"येऊ दे. च्या करीन."

"तुला कळत नाही."

"कळते रे. पह्यल्याच दिवशी कळलं."

तो न जेवता सायकल काढून गेला. मला वाटलं होतं तेवढं वाईट मला वाटलं नाही. मी ओट्यावर घोंगडी टाकली आणि तिच्या शेजारी बसलो. ऊन आलं तसे आरशांचे कवडसे आठही दारांवर पडले.

आधी चार नंबरच्या बाई आल्या. त्यांनी कवड्या हात लावून पाहिल्या, टाका कसा घालायचा ते विचारलं. मग घरातून उशीचा अभ्रा आणला. मग म्हणाल्या, "तुम्ही रामसिंगजींच्या कोण?"

"तुमाले काय सांगतलं त्यानं?"

"गावाकडची माणसं, म्हणाले."

"खरं हाये ते," गोमाबाई सुई ओवत म्हणाली. "नऊ महिने त्याचं गाव माह्या पोटातच होतं."

बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि तिच्याजवळ बसल्या. साहेबांचा माणूस आला, चहा प्यायला, कागद घेऊन गेला. त्यानं काही विचारलंच नाही.

संध्याकाळी रामसिंग परतला तेव्हा ओट्यावर तीन शेजारणी होत्या. तो सायकल धरून नळाशी उभा राहिला. चार नंबरच्या बाई म्हणाल्या, "अहो, आईंना महिनाभर तरी ठेवून घ्या." त्यानं मान हलवली आणि आत गेला. मी मागून गेलो. वेळापत्रकाचा कागद त्याच्यासमोर धरला.

"हे लिहिणारं बोट मी धरलं होतं," मी म्हणालो. "अक्षर सुरेख आहे. मजकूर तुझा आहे; ठेवायचा तर तुझ्याकडंच ठेव."

त्यानं कागद घेतला नाही. म्हणून तो माझ्याकडंच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गोमाबाईनं गाठोडं बांधलं, ते येतानापेक्षा लहान दिसलं. दारातून मी मागं पाहिलं. धुतलेला फेटिया आतल्या खोलीत खुंटीवर, रामसिंगच्या कोटाशेजारी.

"बाई, फेटिया राहिला."

"राहू दे."

स्टेशनावर त्यानं गाठोडं स्वतः उचललं, एवढं सांगायला हवं.

घरी येऊन आता महिना झाला. कापसाची दुसरी वेचणी संपत आली. रामटेकच्या पायऱ्यांनी दुखावलेला माझा गुडघा बरा झाला. भांदकचा पूल डोळे मिटले की दिसतो. फोटो आला की नाही, माहीत नाही. तो कागद मी देवाच्या कोनाड्याजवळ चिकटवला आहे. तांड्यातल्या कोणाला जायचं असेल तर वेळा तिथं पाहाव्या. आम्ही गेलो, तुम्हीही जा. अंगावर आहे त्याच कपड्यांत जा.

काल त्याचं पत्र आलं. तीन ओळींचं. गोमाबाईनं ते दोनदा वाचायला लावलं.

"याडी, फेटिया खुंटीवर आहे. चार नंबरच्या काकूंनी काल विचारलं, हा कोणाचा. सांगितलं."

"काय सांगतलं, ते नाई लिवलं?"

"नाही."

तिनं पत्राची बारीक घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि पुन्हा वेचणीचं ओटं, कापूस भरायची झोळी, पोटाशी बांधलं. शेताकडं निघता निघता दारात थांबली.

"भिया, चांदा राह्यलाच ना आपला? त्या कागदावर पाह्य बरं, गाडी किती वाजताची हाये."